पैसे देऊन गाय कशाला बघायची?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: घरात नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, नवरा आणि सासरे. सुटीत सगळ्यांनी मुलांच्या अ‍ॅक्टिव्हिटी फार्मवर एक दिवस घालवायचा बेत आहे. सहा महिन्यांची गरोदर नणंदही येणार आहे. कोकरांना बाटलीने दूध पाजायला मुलांना ती घेऊन जाईल, असं ठरलंय. मुलीने फार्मवरच्या चौदा गोष्टींची यादी केली आहे आणि त्यातली एकही तिला सोडायची नाही. मुलाला प्राण्यांची भीती वाटते, मांजर दिसलं तरी तो कडेवर चढतो. नवऱ्याच्या मते एकदा जबरदस्तीने कोकराला हात लावायला लावला की भीती पळेल. सासऱ्यांनी आयुष्यभर शेती केली, गुरं सांभाळली. ते म्हणतात, "पैसे देऊन गाय कशाला बघायची?" आणि यायला तयार नाहीत. मागच्या सहलीहून परतताना गाडीत सगळे रुसून बसले होते, म्हणून या वेळी पत्र लिहिणारीने पंधरा-पंधरा मिनिटांचं वेळापत्रक केलं आहे. ते बघूनच तिला दमायला होतं. ती विचारते, सगळ्यांना आवडेल असा दिवस आखायचा कसा?

तुमचं वेळापत्रक मी दोनदा वाचलं. 'सव्वादहा ते साडेदहा: शेळ्या' या ओळीला हसू आवरलं नाही, रागावू नका. शेळ्यांना कळवलंय का हे?

पण आधी त्या एका वाक्याबद्दल, जे तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात. कोकरांकडे मुलांना नणंद घेऊन जाणार, हे. तेवढं बदला. गरोदरपणात व्यायला आलेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या-शेळ्या आणि त्यांची नवजात पिल्लं यांच्यापासून लांब राहायचं असतं. पिल्लाच्या अंगावरचा ओलावा, वार, त्याने भिजलेलं गवत यांतून टोक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया, क्यू फीवर यांसारखे संसर्ग होऊ शकतात आणि त्यांतले काही पोटातल्या बाळाला घातक ठरतात. मेंढ्यांचा गर्भपात घडवणारा क्लॅमिडियाचा एक प्रकारही त्यातच येतो. जनावर वरून अगदी ठणठणीत दिसतं, म्हणून 'तिथली कोकरं निरोगी आहेत' या आश्वासनाचा इथे उपयोग नाही. हे जंतू कोकरं हाताळणाऱ्याच्या कपड्यांवरून आणि बुटांवरूनही येतात. तेव्हा मुलांचे ते कपडे घरी आल्यावर नणंदेने धुवायचे नाहीत, चिखलाचे बूट तिने उचलायचे नाहीत. याचा अर्थ तिने घरी बसावं असा नाही. कोकरांच्या गोठ्यापासून दूर, मोकळ्या जागी बसून तिला दिवस छान घालवता येईल. पण जाण्याआधी तिने आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि त्या दिवसांत शेळ्या-मेंढ्या विणार आहेत का, हे तुम्ही फार्मला विचारावं.

आता चौदा गोष्टी.

लेकीच्या यादीत मला काही चूक दिसत नाही. नऊ वर्षांच्या मुलीने माहिती वाचून यादी करावी, हे तर कौतुकाचंच. अडचण अशी की तिची इच्छा तुम्ही जशीच्या तशी उचलून सगळ्या घराच्या माथी मारलीत. जरा हिशोब मांडू. तुम्ही फार्मवर पाच तास असाल, म्हणजे ३०० मिनिटं. प्रवेशद्वारावर २०, जेवणाला ४५, स्वच्छतागृह आणि हात धुणं मिळून निदान ३५. उरली २००. त्याला चौदाने भागलं तर एका गोष्टीला १४ मिनिटं येतात. त्यातच रांग आली, चालणं आलं, आणि धाकट्याने वाटेत बसून बुटातला खडा काढणंही आलं. एवढ्या वेळात ससाही बिळातून बाहेर येत नाही.

मला वाटतं या सगळ्याच्या मुळाशी 'पैसे वसूल' आहे. तिकीट एकदा काढलं की आपण जेवणाच्या ताटाकडे बघतो तसं दिवसाकडे बघू लागतो, काही टाकायचं नाही. पण फार्मवर मुलं रमतात ती बहुतेक वेळा यादीबाहेरच्या गोष्टीत. कोंबडी धुळीत लोळून पंखांखाली माती उडवत असते, तिच्यापाशी मूल वीस मिनिटं उकिडवं बसतं. आणि आपण "चला, ट्रॅक्टर सुटेल" म्हणून त्याला ओढत नेतो. कोंबडीचं ते लोळणं म्हणजे तिची आंघोळ असते, धुळीने पिसं साफ राहतात आणि अंगावरचे किडे जातात. चौदातला एखादा खेळ राहिला तर बिघडत नाही, पण ही आंघोळ सांगून-ठरवून दाखवता येत नाही.

तेव्हा लेकीला सांगा, चौदातल्या तीन अशा निवड, ज्या चुकल्या तर तुला रडू येईल. त्या तीन आपण कसंही करून करू. बाकीच्या जमल्या तर. माझा अंदाज आहे की ती रुसेल, मग यादी घेऊन कोपऱ्यात बसेल आणि तासाभराने चार नावं घेऊन येईल. चार मान्य करा. निवडताना उंची आणि वयाच्या अटी बघून घ्या. तिने मनात धरलेल्या खेळाला उंची कमी पडते, हे तिथल्या रांगेत कळणं फार वाईट.

वेळापत्रकातली दुसरी गोष्ट म्हणजे सगळे सगळीकडे एकत्र. का बरं? घरात तरी तुम्ही सहाजण दिवसभर एका खोलीत बसता का? नऊ आणि चार वर्षांच्या मुलांचा वेग वेगळा, गरोदर बाईचा वेगळा, सत्तरीच्या आसपासच्या माणसाचा आणखी वेगळा. मागच्या सहलीची जी भांडणं तुम्ही लिहिलीत, ती मी मोजली. पाचातली चार कुणीतरी कुणाची तरी वाट बघत असतानाची आहेत. दोन गट करा. जेवायला भेटा. जेवणाची वेळ आणि जागा सोडून दुसरं काही पक्कं ठरवू नका. परतीची वेळ मात्र कडक ठेवा, आणि धाकट्याची झोपेची वेळ धरून ठेवा. 'अजून एकच' म्हणत ताणलेल्या शेवटच्या अर्ध्या तासात सगळा दिवस कडू होतो, हे तुम्ही अनुभवलंय.

आता धाकट्याविषयी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या यजमानांचं म्हणणं अनेक प्रेमळ वडिलांचं असतं.

चार वर्षांच्या मुलाला प्राण्याची भीती वाटणं यात काही जगावेगळं नाही. त्याच्या उंचीवरून बघा एकदा, खरंच गुडघ्यांवर बसून बघा. शेळीचं तोंड त्याच्या तोंडासमोर येतं. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या गोल नसून आडव्या, आयताकृती असतात, आणि तसे डोळे त्याने घरात कुणाचेच पाहिलेले नाहीत. ती न विचारता जवळ येते, कपडा चावते, पुढचे दोन पाय अंगावर टाकते. माझ्या हातातला फार्मचा नकाशा एका शेळीने कोपऱ्यापासून शांतपणे खाल्ला होता आणि मी मोठी बाई असून किंचाळले होते. अशा वेळी मागून बाबांनी उचलून पुढे केलं, तर मूल दोन गोष्टी शिकतं. एक, शेळी भीतिदायक असते. दोन, शेळीजवळ असताना बाबांवर भरवसा ठेवायचा नसतो. पहिली पुढेमागे पुसली जाईल. दुसरी शिकवू नका.

'हात लावल्यावर तो गप्प झाला, म्हणजे भीती गेली' असंही पुष्कळदा वाटतं. सशाचं उदाहरण घ्या. ससा मांडीवर अगदी निश्चल बसला की आपण म्हणतो, किती शांत आहे, आवडतंय त्याला. सशाला जमिनीवरून उचललं की त्याच्या लेखी ते शिकाऱ्याने उचलणं असतं. तो थिजतो, आणि नाहीतर मागच्या पायांनी इतक्या जोरात लाथा झाडतो की त्याच्याच पाठीला इजा होऊ शकते. गप्प बसण्यामागे भीतीही असते. सशाच्याही आणि मुलाच्याही.

मग करायचं काय? कुंपणाच्या अलीकडे, त्याने ठरवलेल्या अंतरावर उभं राहायचं. तो कडेवर आला तर येऊ द्यायचं, पण त्याला घेऊन प्राण्याकडे चालू लागायचं नाही. पुढे जायचं की मागे, हे त्याने सांगायचं. तिथे उभं राहून काहीतरी बघायचं काम काढा. गाय रवंथ करताना जबडा कसा आडवा फिरवते, घास गळ्यातून वर येताना दिसतो का, शेळीला वरचे पुढचे दात आहेत का. (नसतात. तिथे नुसती कडक हिरडी असते. हे ऐकून भित्र्या मुलांना बराच धीर येतो. मागच्या दाढा मात्र चांगल्याच धारदार असतात, म्हणून बोट तोंडात घालायचं नाही, हे त्याच दमात सांगा.) दिवसभरात तो एकाही प्राण्याला हात न लावता घरी आला तरी चालेल. खरोखर चालेल. हे यजमानांना आदल्या दिवशी सांगा. तिथे कुंपणापाशी सांगायला लागलात तर वाद होईल, आणि तो मुलासमोर होईल.

एक छोटी गोष्ट, जी वेळापत्रकात उलटी लागली आहे. तुम्ही चारा भरवणं सकाळी पहिलं ठेवलंय. सकाळी शेळ्या भुकेल्या असतात, फाटक वाजलं की झुंबड उडते. थोरलीला तेच आवडेल, तिला बाबांबरोबर सकाळी जाऊ द्या. धाकट्याला दुपारनंतर न्या, जेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातून खाऊन त्या सुस्तावलेल्या असतात. आणि भरवायचं ते तिथे मिळेल तेच. घरून नेलेलं धान्य, शिळी पोळी, उरलेला खाऊ नको. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम जास्त धान्य किंवा पीठ गेलं की आंबून पोट फुगतं, आणि प्रत्येक पाहुण्याने 'एवढंसंच' दिलं की त्याचा ढीग होतो. घोड्याला भरवताना तळहात सपाट, बोटं जुळलेली, अंगठा बाहेर न काढता. घोड्याला आपल्या नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही, तो ओठांनी चाचपून खातो. बोट आणि गाजर यातला फरक त्याला चावल्यावर कळतो. गायीला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त बरोबर पाठीमागचं नाही, म्हणून तिच्या मागून पळायचं नाही. थोरलीला एवढी कारणं सांगितलीत तर 'हे करू नको' असं वेगळं सांगावं लागणार नाही.

हात धुण्याबद्दल तुम्ही 'सॅनिटायझर घेतलाय' असं लिहिलंय. तो पर्समध्येच राहू द्या. मळलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही, आणि प्राण्यांपासून येणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीवर तो जवळपास निरुपयोगी आहे. साबण आणि वाहतं पाणी, निदान वीस सेकंद, मोठ्या माणसाने समोर उभं राहून. प्राण्यांच्या भागातून बाहेर आल्यावर, काही खाण्याआधी, आणि बूट काढल्यावर पुन्हा. कुंपणालाही हात लावलेला असतो, हे आपण विसरतो. म्हणजे धाकट्याने प्राण्याला शिवलं नाही तरी त्याचे हात धुवायचेच. त्याची पाण्याची बाटली, तोंडात जाणारं खेळणं, खाऊ यातलं काही गोठ्याच्या भागात न्यायचं नाही.

मी हे उगाच ताणत नाही. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या अशाच एका मुलांच्या फार्मवरून ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूची लागण ९३ जणांना झाली, त्यात बहुतेक लहान मुलं होती, आणि काहींच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला. हा जिवाणू गुरांच्या, मेंढ्यांच्या आतड्यात त्यांना काही त्रास न देता राहतो. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि वयस्करांना त्याचा धोका अधिक. घरी आल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत कुणाला जुलाब झाले तर डॉक्टरांना फार्मची भेट आवर्जून सांगा. शौचात रक्त दिसलं तर थांबू नका, आणि जुलाब थांबवायचं औषध आपल्या मनाने देऊ नका. एवढी काळजी घेतली की बाकी दिवस चिखलात माखायला हरकत नाही. दोन जोडी जादा कपडे आणि बूट ठेवायला पिशवी घ्या.

सासऱ्यांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तुम्ही त्यांच्या वाक्याला टोमणा म्हटलंय. मला तो साधा प्रश्न वाटतो. ज्याला गायीसाठी आयुष्यभर पहाटे उठावं लागलं, पावसात वैरण झाकावी लागली, आजारी वासराजवळ रात्र काढावी लागली, त्याच्यासाठी गाय ही बघायची वस्तू कधी नव्हतीच. तुम्हीच पुढे लिहिलंय की शेवटची जोडी विकून बरीच वर्षं झाली आणि त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. मग त्यांचं 'नको' हे कंटाळ्याचंच असेल असं कशावरून?

अशा वेळी घरचे एक युक्ती काढतात: "बाबा, तुम्ही आलात तर मुलांना सगळं समजावून सांगाल." ती करू नका. त्यात त्यांना नकार द्यायला जागा उरत नाही, आणि दिवसभर ते मार्गदर्शकाच्या नोकरीवर. मुलांना आजोबांचा अनुभव मिळायला हवा असेल तर त्याला फार्म कशाला? आज रात्री जेवताना धाकट्याला विचारू दे, "आजोबा, शेळी ढुशी मारणार हे आधी कसं कळतं?" त्याला फार्मपेक्षा या उत्तराची गरज जास्त आहे, आणि भीती कमी व्हायची असेल तर ती कदाचित तिथूनच कमी होईल. ते बोलले तर बोलले. यायचं त्यांनी स्वतःहून म्हटलं तर त्यांच्यासाठी सावलीची, टेकून बसायची जागा आहे का, तेवढं बघून ठेवा. नाहीच म्हणाले तर एकदाही आग्रह न करता त्यांना घरी राहू द्या आणि परत आल्यावर 'काय मजा चुकवलीत' असं म्हणू नका.

आणि आलेच, तर एक तयारी ठेवा. त्यांना तिथलं खटकेल. "हिचे खूर वाढलेत", "याच्या खाली ओलं आहे", "हिला सावली नाही" असं ते मोठ्याने म्हणतील, मुलगी लाजेल, तुम्ही त्यांना गप्प करायला जाल. जाऊ नका, कारण बहुधा त्यांचंच बरोबर असेल. फार्म चांगला की नाही हे तिकिटाच्या खिडकीवरच्या रंगीत फलकावरून कळत नाही. जनावरांना माणसांपासून बाजूला व्हायला जागा आहे का, पाणी स्वच्छ आहे का, हात धुवायची जागा गोठ्याच्या बाहेर पडण्याच्या वाटेवरच आहे का, खाण्याची जागा वेगळी आहे का, आणि एखादं पिल्लू दमलं तर त्याला गर्दीतून आत नेणारं कुणी आहे का, यावरून कळतं. यातलं निम्मं फोनवर विचारता येतं. तिकिटं आधी घेतली तर पावसात तारीख बदलता येते का, वाटा बाबागाडीला आणि सावकाश चालणाऱ्याला झेपतील अशा आहेत का, हेही त्याच फोनवर. उत्तरं देताना माणूस वैतागला तर दुसरा फार्म बघा.

तुमच्या पत्रात बाकीच्या पाचही जणांना काय हवं-नको हे आहे. तुमच्याविषयी एवढंच आहे की नणंद मुलांना नेईल तेव्हा 'मला दहा मिनिटं मिळतील'. ती दहा मिनिटं आता गेली, कारण कोकरांकडे तुम्ही किंवा यजमान जाणार. त्याबदल्यात जेवणानंतरचा अर्धा तास आताच मागून घ्या, त्या वेळात मुलं यजमानांकडे. तुम्ही कुठे बसाल ते कुणाला सांगू नका.

पण आज आधी नणंदेला फोन करा, मग फार्मला. तिकिटं त्यानंतर.